नाक्यावरून सुटलेलं शून्य

"यापुढे आपल्या कंपनीत चूक होणार नाही," असं भर मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगणारा माणूस एकतर नवखा असतो, नाहीतर त्याच्या अंगात काहीतरी संचारलेलं असतं. आपला हा गृहस्थ नवखा नव्हता. त्याच कंपनीत, त्याच खिडकीजवळच्या टेबलापाशी त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते. तेव्हा दुसरं कारण धरून चालू.

कंपनीचं काम तसं सरळ होतं. दवाखान्यांना पेशंटच्या वेळा ठरवायची सोय पुरवायची. पेशंटनं मोबाइलवर वेळ घ्यायची, दवाखान्यातल्या पडद्यावर दिवसभराची यादी दिसायची आणि पेशंटला मेसेज जायचा. बाहेरून एकसंध दिसणारी ही सोय आतून मात्र अनेक लहान लहान प्रोग्रामांची होती. प्रत्येक प्रोग्राम आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे आपापल्या डब्यात बसलेला. कुठला डबा चालवायचा, त्याच्या किती प्रती चालवायच्या, त्याला मेमरी किती द्यायची, हे सगळं एका व्यवस्थापक प्रोग्रामला कॉन्फिग फाइल लिहून सांगावं लागे. हा व्यवस्थापक कमालीचा आज्ञाधारक होता. फाइलमध्ये जे लिहिलंय ते तो निमूटपणे करी. आणि फाइल लिहिणारी होती माणसं! कोणी ओळीच्या सुरुवातीला एक जागा जास्त सोडे, कोणी आकड्याच्या जागी अक्षर ठेवून देई. एकदा तर मेमरीच्या आकड्यापुढचं एक अक्षर चुकलं आणि एका प्रोग्रामच्या वाट्याला इतकी कमी मेमरी आली की तो बिचारा दिवसभर उठत होता आणि पडत होता.

त्या दिवसानंतर आपल्या गृहस्थानं कंबर कसली. फाइल कशी असली पाहिजे याचा एक पक्का नमुना त्यानं तयार केला. प्रोग्रामवाल्या मंडळींत याला स्कीमा म्हणतात. डिप्लॉय करायच्या, म्हणजे प्रत्यक्ष कामाला लावायच्या आधी प्रत्येक फाइल या स्कीमाशी ताडून बघायची, बसली तर हिरवी खूण, नाही बसली तर लाल आणि फाइल परत. ऑफिसनं या तपासणीचं पहिल्याच दिवशी 'नाका' असं बारसं केलं आणि तिच्या जनकाला 'नाकेदार' म्हणायला सुरुवात केली. त्याला हे नाव मनापासून आवडलं. ते चेष्टेनं ठेवलंय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

आता घरची बाजू. नाकेदाराची बायको दातांची डॉक्टर. इतकी वर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात राबून, दुसऱ्याच्या वेळेनं जेवून, अखेर तिनं स्वतःचा दवाखाना काढला होता. चष्म्याच्या दुकानाच्या वर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बसायला तिची आई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. आतल्या खोलीत खुर्ची, जी तिनं बोटांनी दाबून, बसून, झोपून पारखून घेतली होती. सोमवारी दवाखाना उघडायचा होता. वेळा फोनवर देईन आणि कागदावर लिहीन, असा तिचा साधा बेत होता.

नाकेदाराला हे फार लागलं. अख्ख्या शहरातले डॉक्टर आपल्या कंपनीची सोय वापरतात आणि सख्ख्या बायकोनं कागद धरावा? तो दोन दिवस नाराज होता, तिसऱ्या दिवशी समजावू लागला आणि चौथ्या दिवशी त्यानं डोकं खाल्लं. शेवटी ती म्हणाली, "हे बघ, पहिला दिवस एकदाच येतो. त्या दिवशी मला फक्त पेशंट बघायचेत. तुझ्या ऑफिसचं एक अक्षर कानावर येता कामा नये. आहे खात्री?"

"खात्री काय विचारतेस? नाका मी बांधलाय."

दिवसातून दोनदा दात घासतो असं सांगणाऱ्या पेशंटकडे ती जसं बघते, तसं तिनं त्याच्याकडे बघितलं. पण हो म्हणाली. माणूस संसारात असंच अधूनमधून हो म्हणतो.

इकडे ऑफिसात नाक्यानं लोकांच्या नाकी नऊ आणले होते. सगळ्यात जास्त अडायचा तो झटपट. खरं नाव त्याला आईवडिलांनी काहीतरी दिलेलं होतं, पण हातात आलेलं काम वाचायच्या आत संपवायची त्याची पद्धत बघून सगळे त्याला झटपटच म्हणत. दवाखान्यांना दिवसाची यादी दाखवणारा प्रोग्राम याच्याकडे. शुक्रवारी त्यानं त्या प्रोग्रामची नवी फाइल नाक्यावर धाडली आणि ती लाल होऊन परत आली. जागा चुकल्या होत्या. त्यानं जागा सुधारल्या, परत लाल. आकडा अवतरणचिन्हात लिहिला होता, म्हणजे तो आकडा राहिला नव्हता, मजकूर झाला होता. तेही सुधारलं, तरी लाल. यावेळी प्रोग्रामच्या किती प्रती चालवायच्या, तो आकडाच नव्हता.

खरं सांगायचं तर तो आकडा लिहिलाच पाहिजे असं व्यवस्थापकाचं काही म्हणणं नसतं. नाही लिहिला तर तो समजून उमजून एक प्रत चालवतो. पण नाकेदाराला मोघमपणाचा तिटकारा होता. सगळ्या अनर्थाचं मूळ मोघमपणात असतं, असं ठरवून त्यानं स्कीमात हा आकडा सक्तीचा केला होता. झटपटला हे कसं कळावं? त्यानं वैतागून नाकेदाराला फोन लावला.

नाकेदार त्या वेळी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दवाखान्याच्या दारावर शिडीवर उभा होता. एका हातात पाटी, दातांत खिळा, खाली बायको, ती पाटी डावीकडे खाली आहे म्हणत होती आणि तिची आई उजवीकडे खाली आहे म्हणत होती. अशात झटपट विचारत होता की बाबा रे, आजवर हा आकडा कधी लिहिला नाही आणि काही बिघडलं नाही, तर आता काय लिहू?

"अरे लिही ना कुठलाही आकडा!" नाकेदार खिळ्याआडून ओरडला. "नाक्याला आकडा लागतो. आकडा असला की झालं."

झटपटनं विचार केला. तसा तो क्वचितच करतो, पण त्या दिवशी केला. एक लिहावं तर ती जबाबदारी आली. दोन लिहावं तर ऑफिसच्या प्रमुख मॅडम विचारणार, दोन का? त्यापेक्षा शून्य बरं. शून्य म्हणजे माझं काही म्हणणं नाही, आधी होतं तसंच चालू द्या. माणसाच्या दृष्टीनं हे अगदी समजण्यासारखं होतं. त्यानं शून्य लिहिलं. नाक्यानं बघितलं. जागा बरोबर, अवतरणचिन्ह नाही, आकडा हवा होता, आकडा आहे. हिरवी खूण. सोमवारी सकाळच्या डिप्लॉयमध्ये फाइल जाऊन बसली आणि झटपट शीळ घालत घरी गेला.

सोमवार उजाडला. दवाखान्याला नव्या रंगाचा वास होता. बायको पांढऱ्या कोटात आतल्या खोलीत उभी होती आणि ट्रेमधल्या चिमट्यांची जागा पुन्हा पुन्हा बदलत होती. तिच्या कपाळावर घाम होता, जो ती कोणाला दिसू देत नव्हती. बाहेर सासूबाई चष्मा लावून पडद्यासमोर बसल्या होत्या. सकाळची यादी गच्च भरलेली. नाकेदार त्यांना यादी कशी वाचायची ते समजावत होता, आणि ज्या बाईंनी आयुष्यभर शाळेचं वेळापत्रक लावलं त्या ते ऐकून घेत होत्या.

"जावईबापू," त्या मधेच म्हणाल्या, "सगळे पेशंट गेले."

"कुठे गेले?"

"ते तुम्हीच सांगा. आत्ता इथे होते."

पडद्यावर एकच ओळ होती. आज एकही भेट ठरलेली नाही.

नाकेदारानं पडदा पुसला. पुसून पेशंट येत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यानं बोटानं तो वरखाली केला. तेवढ्यात दवाखान्याचा फोन वाजला. पहिल्या वेळेच्या बाई विचारत होत्या की भेट रद्द झाल्याचा मेसेज आलाय, दवाखाना उघडायचाच राहिला का? फोन ठेवतोय तोवर दुसरा वाजला. कंपनीचा मेसेज पाठवणारा प्रोग्राम फार सभ्य. कालपर्यंत असलेल्या भेटी यादीतून गायब झालेल्या बघून त्यानं आपला निष्कर्ष काढला होता आणि सगळ्यांना खेद कळवला होता.

बायको दारात येऊन उभी राहिली. तिनं एकदा रिकाम्या पडद्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यानं ऑफिसला फोन केला. झटपट म्हणाला, इथे सगळं हिरवं आहे, एकही धोक्याची घंटा नाही. आणि ते खरंच होतं. प्रोग्राम चुकला की ओरडतो, पण इथे प्रोग्रामची एकही प्रत चालू नव्हती, तर ओरडणार कोण? नाकेदारानं मॅडमना गाठलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या की तुम्ही आज रजेवर आहात, म्हणजे ही दवाखान्याची तक्रार झाली आणि दवाखान्याची तक्रार मदत केंद्रातूनच यायला हवी, हा नियम तुमचाच आहे.

मदत केंद्रातली मुलगी गोड आवाजाची होती. तिनं त्याचं म्हणणं पूर्ण ऐकलं आणि समोरचा मजकूर वाचून दाखवला. आमच्या सर्व फाइल्स डिप्लॉयपूर्वी काटेकोरपणे तपासल्या जातात, त्यामुळे दोष आमच्या बाजूला असण्याची शक्यता नाही, कृपया आपलं इंटरनेट तपासा. ही वाक्यं नाकेदाराला कुठेतरी ऐकल्यासारखी वाटली. मग आठवलं. मागच्या आठवड्यात त्यानंच ती लिहून दिली होती.

"अहो, हे मीच लिहिलंय. मी नाकेदार."

"सर, आपण कोणीही असलात तरी आधी राउटर बंद करून चालू करावा लागेल."

त्यानं वाद घातला, मग पदाचा धाक दाखवला, मग गयावया केली. आणि मग गुडघ्यावर बसून टेबलाखालचा राउटर बंद केला आणि चालू केला. सासूबाई पाय वर घेऊन बघत होत्या.

अखेर त्यानं मोबाइलवरच यादीच्या प्रोग्रामची फाइल उघडली. जागा बरोबर होत्या. अवतरणचिन्हं नव्हती. आणि प्रतींच्या पुढे ते गोल, गुळगुळीत शून्य बसलं होतं. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं झटपटला फोन लावून विचारलं की शून्य का लिहिलंस.

"तूच म्हणालास, कुठलाही आकडा लिही."

"शून्य हा काय आकडा आहे?"

"मला काय विचारतोस?" झटपट म्हणाला. "नाक्याला विचार."

आता झटपटलाच दोन सेकंदांत ते बदलायला सांगितलं असतं तर ही गोष्ट इथे संपली असती. पण नाकेदाराचा पारा चढला होता. तू हात लावू नकोस, मीच करतो, असं म्हणून त्यानं फोन आपटला आणि उजेड बरा म्हणून बायकोच्या खुर्चीत बसून, डोक्यावर दिवा घेऊन, अंगठ्यानं फाइल सुधारू लागला. मोबाइलला वाटे की ओळीचं पहिलं अक्षर मोठं असलेलं बरं दिसेल. तो ते मोठं करी. नाका म्हणे लाल. अक्षर लहान केलं तर मोबाइल जागा खाई. पुन्हा लाल. तातडीच्या वेळी नाका टाळून जायची एक आडवाट पूर्वी होती. ती त्यानंच बुजवली होती आणि त्याबद्दल टाळ्याही घेतल्या होत्या.

इतक्यात एक गृहस्थ गाल धरून आत आले. दाढ ठणकत असल्यामुळे त्यांनी मेसेज वाचलाच नव्हता. दवाखान्याचा पहिला पेशंट! आणि खुर्चीत कोण, तर डॉक्टरांचा नवरा. बायकोनं त्याला दंडाला धरून उठवलं, तेव्हाही त्याचा अंगठा चालूच होता. त्या गृहस्थांना वाटलं, हा आधीचा पेशंट आणि फार अवघड केस दिसतेय.

कितव्या तरी खेपेला हिरवी खूण आली. शून्याचे दोन झाले, यादी परत पडद्यावर उमटली आणि सासूबाईंनी हाक मारून सांगितलं की माणसं परत आली. नाकेदारानं घाम पुसला. इथे थांबायला हवं होतं. पण त्याचा संताप अजून उतरला नव्हता, म्हणून त्यानं त्याच अंगठ्यानं स्कीमात एक नियम घातला, की प्रतींचा आकडा किमान एक हवा. आणि लाल झाल्यावर दिसायची सूचनाही झटपटला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली. शून्य चालणार नाही. डोकं वापरा.

तिकडे काय झालं होतं, की सगळ्या शहरातले दवाखाने एकदम यादी मागू लागले होते. नुकत्याच उठलेल्या त्या दोन प्रतींना हा भार झेपेना. त्या पडत, उठत, पुन्हा पडत. यादी दिसली की मेसेजवाला प्रोग्राम कळवी, आपली भेट निश्चित आहे, कृपया यावे. यादी गेली की कळवी, भेट रद्द झाली आहे, क्षमस्व. यावे. क्षमस्व. यावे. लोकांचे मोबाइल कामातून गेले. मॅडमचा स्वतःहून फोन आला आणि या वेळी त्यांचा आवाज शांत नव्हता. यादीचं नंतर बघू, आधी तो मेसेजवाला बंद करा, त्याच्या प्रती शून्य करा, म्हणाल्या.

नाकेदारानं मेसेजवाल्याच्या फाइलमध्ये शून्य लिहिलं आणि पाठवलं. उत्तर आलं, शून्य चालणार नाही. डोकं वापरा.

त्यानं दातओठ खाल्ले. अक्षरशः खाल्ले, कारण डावीकडच्या दाढेत कधीकाळी भरलेलं सिमेंट कट्‌कन निखळून जिभेवर आलं. त्यानं ते गुपचूप रुमालात गुंडाळलं. दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यात, तिच्याच पहिल्या दिवशी, नवऱ्याच्या दाढेतलं सिमेंट निखळावं, ही गोष्ट तिला सांगायची त्याची हिंमत नव्हती.

नियम काढून टाकायचा तर तेही सोपं नव्हतं. स्कीमा कडक करायला कोणाची परवानगी लागत नसे, सैल करायला दोघांची लागे. ही अक्कलही त्याचीच. मॅडमनी तत्काळ परवानगी दिली. दुसरा माणूस जागेवर होता तो झटपट. आणि झटपट आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सावकाश वाचत होता. या ओळीचा अर्थ काय, ही सूचना कोणाला उद्देशून आहे, ती बदलून जरा सभ्य करता येईल का, असं तो एकेक विचारत होता. नाकेदार जिन्यात उभा राहून एक गाल धरून त्याला उत्तरं देत होता.

आणि त्या जिन्यातूनच माणसं वर येऊ लागली. सकाळच्या सगळ्या वेळांची, एकदम. काही रागावून आली होती, काही खरं काय ते बघायला आली होती. एक आजोबा पांढरेफटक पडून आले होते. इतक्या वेळा बोलावणं आलं म्हणजे दातात काहीतरी भयंकरच सापडलं असणार, असं त्यांना वाटत होतं. तपासणी तर अजून व्हायचीच होती. खुर्च्या संपल्या, मग जिन्याच्या पायऱ्या संपल्या, मग खालच्या चष्म्याच्या दुकानातली बाकं भरली. सासूबाईंनी पडदा उलटा करून ठेवला आणि उभ्या राहिल्या. ज्यांचं दुखतंय ते पुढे, ज्यांना नुसतं दाखवायचंय ते भिंतीला, आणि बोलायचं नाही. सगळे गप उभे राहिले.

आत बायको वाकून काम करत होती. एक उठला की दुसरा बसत होता. जेवणाचा डबा तसाच राहिला. नाकेदार दोन-तीनदा दारापर्यंत गेला, काहीतरी म्हणायला, आणि प्रत्येक वेळी त्याचा फोन वाजला. संध्याकाळी झटपटची परवानगी आली, मेसेजवाला थांबला, भार उतरल्यावर यादीवालाही शुद्धीवर आला. तोवर शेवटचा पेशंट जिना उतरत होता.

सासूबाई घरी गेल्या. दवाखान्यात दोघंच उरली. बायकोनं हातमोजे काढले, हात धुतले आणि त्याच्याकडे बघितलं.

"गाल का धरलायस?"

"काही नाही."

"बस खुर्चीत."

तो बसला. तिनं खुर्ची मागे टेकवली, दिवा त्याच्या तोंडावर ओढला, नवे हातमोजे चढवले, आरसा आत घातला. निखळलेली जागा तिला लगेच दिसली. तिनं गालाच्या आत कापसाची एक गुंडाळी बसवली, मग जिभेच्या बाजूला दुसरी. तो बोलू शकत नाही याची खात्री झाल्यावर ती स्टुलावर बसली.

"आता मी बोलते," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी या दिवसाची वाट बघितली. पहिला पेशंट येईल, मी त्याचं नाव विचारीन, घाई नसेल, मागून कोणी हाकलत नसेल. आज किती जण येऊन गेले आणि मला एकाचंही नाव माहीत नाही. तू जिन्यात होतास. तू माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस."

दिवा डोळ्यांवर होता, म्हणून त्याला डोळे मिटता आले. त्याला खरंच वाईट वाटलं. इतकं वाईट त्याला कुठल्याही लाल खुणेनं वाटलं नव्हतं. चुकलो म्हणायला त्यानं जीभ हलवली आणि "आ" असा आवाज आला.

"उद्यापासून वेळा मी फोनवर देणार. आई कागदावर लिहिणार."

"आ."

"तू मधे पडणार नाहीस."

"आ," तो म्हणाला, आणि इथे त्यानं थांबायला हवं होतं. पण डोळे उघडून तो हातवारे करू लागला. त्याला सांगायचं होतं की तसा स्कीमा चांगलाच आहे, फक्त कुठल्या प्रोग्रामला शून्य चालतं आणि कुठल्याला नाही एवढा एकच लहानसा नियम घातला की मग यापुढे कधीही...

तिला शब्द कळले नाहीत, पण नवऱ्याच्या डोळ्यांतली ती चमक ती चांगली ओळखत होती. तिनं डबीतून कापसाची तिसरी गुंडाळी काढली आणि जिथे थोडी जीभ हलत होती, तिथे नीट दाबून बसवली.